पहिल्या पोत्यातलं मँगनीज

"मॅडम, हे काहून उतू जाऊन राह्यलं?" वानखेडेंनी विचारलं.

बीकरमध्ये त्यांच्या खाणीतल्या दगडाची भुकटी होती. मी ॲसिड ओतलं आणि फेस काठावरून खाली आला. आमचे लॅब इनचार्ज सामंत सर शेजारीच उभे होते. ते वाकून फेस पाहू लागले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वसई पूर्वेच्या एका खासगी लॅबमध्ये केमिस्ट होते. वानखेडेंची भंडाऱ्याकडे मँगनीजची छोटी खाण होती. चांगला माल संपल्यावर ती बंद पडली. हलक्या मालाचा ढीग तेवढा उरला होता. त्यातून मँगनीज काढता आलं, तर पुन्हा काम सुरू होणार होतं.

त्यांनी आधी एक पोतं पाठवलं होतं. हे मँगनीज नुसत्या ॲसिडमध्ये विरघळत नाही, त्यातला ऑक्सिजन खेचून घेणारं काहीतरी सोबत लागतं. आम्ही साखर कारखान्यातली काकवीसारखी दाट मळी घातली. काळा गाळ तापवून गाळला, तर खाली फिकट पाणी उतरलं. त्यातलं लोखंड वेगळं केलं. जवळजवळ सगळं मँगनीज हाती आलं. सरांनी स्वतः वानखेडेंना फोन करून कळवलं.

मोठ्या ट्रायलसाठी वानखेडे दुसरं पोतं घेऊन स्वतः आले. फेस आला तो त्यातला.

"यात चुनखडी आहे," सर शेवटी म्हणाले. "ती आधी ॲसिड खाते. पहिल्या पोत्यात नव्हती. ते कसं भरलं होतं?"

"ढिगातूनच. हे सरसकट भरलं, ते काळेकाळे दगड वेचून. म्हटलं, एवढ्या दूर पाठवतो, तर चांगला माल पाठवावा."

पाहुण्यांकडे फळं न्यावीत, तसं ते म्हणाले.

आम्ही दगड आणखी बारीक दळला, धुतला. चुनखडी सुटली नाही. ॲसिडचा खर्च मालाच्या किमतीच्या वर जात होता. सरांनी ते स्वच्छ सांगितलं. मी वानखेडेंसमोर चहा आणि वटारची सुकेळी, वसईकडची वाळवलेली केळी, ठेवली. त्यांनी हात लावला नाही.

"खाणीतून वीटभट्टीवर गेलेल्या माणसांना मी वापस बोलावलं, मॅडम. आले बी ते."

 

खाण सुरू झाली नाही. सरांनी पुढे दोनदा वानखेडेंना फोन लावला; घरच्यांनी उचलला, ते आले नाहीत.

तेव्हापासून नमुना आला की मी आधी विचारते, निवडून आणलाय का? बहुतेक जण नाही म्हणतात. मग मी सांगते, लॅबला खाणीतलं काही कळत नाही. पोत्यात काय आलंय, तेवढंच कळतं.