रुमालाखालचा सौदा

दिग्रसच्या आमच्या वाचनालयात गुरुजींनी मला फसवलं. रविवारी जमणारी माझी मुलं त्यांनी नेली आणि एका गोष्टीचा शेवटही नेला. साठ सालच्या आगेमागची ही हकीकत आहे, आणि गुरुजींच्या साध्या स्वभावाचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान अजून किटतात.

मी बैलबाजारातला दलाल. शाळेत गेलो नाही. मोठेपणी याच वाचनालयात, वर्तमानपत्राच्या मथळ्यांवर बोट ठेवून वाचायला शिकलो. हातात चार पैसे खेळू लागले तेव्हा मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट तिथे आणून ठेवलं. पण मुलांना पुस्तकं घरी द्यायची नाहीत, असा समितीचा नियम होता. फाडतील, हरवतील. मी म्हणालो, हरवलं तर मी भरून देईन, पण द्यायचं कसं ते मी ठरवणार.

ठरवलं ते असं. रविवारी सकाळी सतरंजीवर बसायचं. ज्याला पुस्तक हवं त्यानं स्वतःची एक गोष्ट आणायची, कुठल्या पुस्तकातली नाही. लिहिता येत असेल त्यानं लिहून, नसेल त्यानं तोंडी. मग सौदा. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि दलाल रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा ठरतो. आणि रुमाल निघेपर्यंत तिसऱ्यानं त्या बैलाच्या शेपटीलाही हात लावायचा नाही. मुलांशी मी तसाच सौदा करी. एक बोट म्हणजे एक पुस्तक. पोरं हसून लोळत, पण बोट सोडत नसत.

"काका, भुताची हाय. दोन द्या."

"भूत कुठं हाय? नुसतं झाड हाय."

"भूत पुढच्या रविवारी येते."

"मंग पुस्तकही पुढच्या रविवारी."

अशी मी त्यांना गोष्ट लांबवायला शिकवली, शेवट मुठीत धरायला शिकवलं. सगळ्यांत पक्की निघाली ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक मुलगी. अकरा-बारा वर्षांची असेल. जिनिंगच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून आणी. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरलेले. तिची गोष्ट त्यातल्या एका म्होरक्या बैलाची होती. तांडा नदीवर पोचतो, पाणी घोट्याएवढंच असतं, आणि म्होरक्या काठावर थांबतो. मारलं तरी हलत नाही. सगळे बैल पार होतात, तो एकटा उभा. पुढचं तिनं मुठीत ठेवलं.

बैलांत माझा जन्म गेला. तो का थांबला, हे मला कळेना. रुमाल टाकला.

तिनं दोन बोटं दाबली. "एक मले, एक याडीले."

"तुह्या मायले वाचता येते का?"

"नाई. मी वाचून दाखवते."

"मंग एकच पुरते."

"नाई पुरत. माह्यं मनात वाचा लागते, तिचं मोठ्यानं."

मी एकावर अडलो, ती दोनावर. त्या दिवशी सौदा राहिला. मोडला नाही, राहिला, म्हणजे रुमाल अजून निघालेला नव्हता. बाजारात हा फरक लहान पोरालाही कळतो.

पुढचे काही रविवार मला घाटंजीकडे बैल पाहायला जावं लागलं. जाताना गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणजे नुकतेच बदलून आलेले शाळामास्तर, मागच्या बाकावर बसून आमची गंमत बघत.

"पोरं बसवून ठेवा, गुरुजी. सौदा तेवढा करू नका."

"सौदा मला येतच नाही हो," ते म्हणाले.

परत आलो तर कपाट सताड उघडं. मुलं आपल्या हातानं पुस्तकं काढत होती आणि मधोमध गुरुजी मांडी घालून बसलेले. एक मुलगा त्यांच्या गुडघ्याला टेकून वाचत होता. माझ्या गुडघ्याला कधी कोणी टेकलं नव्हतं.

तो मला म्हणाला, "काका, आता गोष्ट नाई द्या लागत. गुरुजी तसंच पुस्तक देतात."

"मंग तू गोष्ट आणणं सोडलं?"

"नाई ना. आज दोन आणल्या."

मी त्या मुलीकडे वळलो. "तुह्या बैलाचं काय झालं?"

"सांगितलं ना गुरुजीले."

"त्यांनी काय देल्लं?"

"काई नाई."

"तू दोन मागितले नाई?"

"तुमच्यासंगं मागाचं असते, काका. त्यांच्यासंगं नाई." मग म्हणाली, "तुमाले सांगू?"

"फुकटचं मले नाई पायजे."

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि गुरुजींच्या शेजारी जाऊन बसली.

वर्षाअखेरीस मुलांच्या गोष्टींचं हस्तलिखित निघालं. पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून गुरुजी. समारंभात त्या मुलीनं गोष्ट वाचली. बैल नदीपाशी आला तसा मी उठलो आणि बाहेर पडलो. आतून टाळ्या ऐकू आल्या, बराच वेळ. समितीतले दोघे नंतर शेवट सांगायला घरी आले, त्यांना मी दारातून परत पाठवलं. हस्तलिखित त्याच कपाटात आहे. मी हात लावलेला नाही.

गुरुजी आता निवृत्त होऊन यवतमाळला राहतात. वाचन अजून चालू आहे, असं कळतं. तेव्हा हेही वाचतील.

तर गुरुजी, तुमच्याकडून मला उत्तर हवं. तिचा हात माझ्या रुमालाखाली आहे हे तुम्ही मागच्या बाकावरून बघितलं होतं. तरी मध्ये आलात. काही नाही दिलं, असं ती म्हणते. काही नाही या भावात बैल तर सोडाच, बैलाची वेसणही मी कधी विकलेली पाहिली नाही. तुम्ही तिला काय दिलंत? दिग्रसला या, त्याच सतरंजीवर माझ्यासमोर बसा आणि सांगा.