पिवळ्या पट्ट्याची परीक्षा

काल माझ्या कराटे क्लासमध्ये पिवळे पट्टे वाटताना खिडकीतून राइस मिलच्या कोंड्याचा उबट वास आला आणि मला रेखा आठवली.

लहानपणी आमचा क्लास गोंदियात अशाच एका मिलच्या रिकाम्या गोदामात भरायचा. त्या दिवशी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा होती. पहिला काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, सगळ्यांना पाठ होता. आता सर एकेकीवर हात उगारून त्याचा अर्थ विचारत होते. अर्थ सोपा होता: आधी अडवायचं, मग मारायचं.

बिरसीहून येणाऱ्या रेखाचा काता आमच्यापेक्षा देखणा व्हायचा. पण सरांचा हात वर गेला तशी ती मटकन खाली बसली. डोळे मिटून तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"काऊन वो, कात्यात असं कुठं हाये? कायले बसून राहिली?"

"सवय हाये, सर."

आम्ही सगळ्या हसलो, सगळ्यात मोठ्यांदा मी. रेखा नापास झाली आणि पुन्हा क्लासला आली नाही.

आता माझ्या कमरेला काळा पट्टा आहे. तिला घरी कोण मारतं, एवढं विचारायला तो लागणार नव्हता.