जबलपूर ते नागपूर, कूलरच्या पॉइंटवर

इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला एक रुपयात पळते असं सांगणारा कोणी भेटला, तर त्याला पहिले विचारा, भाऊ, तू गाव सोडून कधी गेला का? मला हे सांगणारा मित्र सराफ्यात दागिने विकतो. त्याची गाडी घरून निघते आणि दुकानाच्या अलीकडेच थांबते, कारण पुढच्या गल्लीत हातगाडीसुद्धा धड शिरत नाही. अशा माणसाच्या हिशोबावर मी गाडी घेतली. तेव्हा माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

घेण्याचं खरं कारण नागपूर. माझी बायको वृंदा, तिचे बाबा तिथे एकटेच राहतात. सासूबाई गेल्यापासून घर सोडायला तयार नाहीत. जबलपूरला चला म्हटलं, की झाडांना पाणी कोण घालेल विचारतात. झाडं म्हणजे अंगणातला एक कढीपत्ता. पेट्रोलच्या गाडीनं आम्ही तीन-चार महिन्यांतून एकदा जायचो आणि दर वेळी खर्चाचं रडगाणं मीच गायचो. नवी गाडी घेताना छाती ठोकून सांगितलं, आता दर महिन्याला जाऊ. वृंदानं त्याच दिवशी बाबांना फोन करून ते कळवूनही टाकलं. आता माघार घ्यायची तर कारण हवं, आणि ते हायवेवर मिळेल अशी मला थोडी आशाच होती.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सहाला निघालो. गाडी घरच्या पॉइंटवर भरलेली, शंभर टक्के. घरचं युनिट आम्हाला साधारण सात रुपयांना पडतं, आमची गाडी एका युनिटात सहा किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला सव्वा रुपया. सराफ्यातला मित्र फारसं खोटं बोलत नव्हता. त्यानं फक्त हायवे पाहिलेला नव्हता.

वृंदाच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. मागच्या खेपेला बाबांनी त्यातून लोणचं दिलं होतं, आता त्यात खव्याची जलेबी होती. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत जात नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण रिकामा देत नाहीत.

बरगी, धूमा, लखनादौन, रस्ता झकास. लखनादौनला पोहे खाल्ले, चहा घेतला, दोघांचे मिळून ऐंशी रुपये. टोलवाल्यांना बॅटरी-पेट्रोल सगळं सारखंच, फास्टॅगमधून पैसे कापून मोकळे. नऊच्या सुमारास सिवनीजवळच्या ढाब्यावर पोहोचलो. अ‍ॅपमध्ये तिथे दोन चार्जर 'उपलब्ध' दिसत होते. एकावर कागद चिकटवलेला, 'मशीन ख़राब है'. दुसऱ्यासमोर एक पांढरी डिझेल जीप आरामात उभी. मी ढाबेवाल्याला विचारलं, ही इथे कशाला? तो म्हणाला, "भैया, छाँव पूरे ढाबे में यहीं है।" लाखो रुपयांचं मशीन आणि त्याचा उपयोग काय, तर पत्र्याची सावली. जीपवाले आत पराठे खाऊन राहिले होते. त्यांची लस्सी संपेपर्यंत आम्ही वीस मिनिटं उन्हात.

मग अ‍ॅप. आधी त्याच्या पाकिटात हजार रुपये टाका, त्याशिवाय मशीन हलत नाही. उरलेले पैसे कधी परत मिळतात, ते त्या कंपनीलाच ठाऊक. दर एकवीस रुपये युनिट, वर कर, म्हणजे पंचवीसच्या घरात. जे घरी सातला, तेच इथे पंचवीसला, वर ऊन फुकट.

आणि इथे मी तो मूर्खपणा केला, जो वीस वर्षं पंपावर 'टाकी फुल करा' म्हणणारा माणूसच करू शकतो. पुढे नागपूरला पोहोचायला आणखी आठ-दहा युनिट भरपूर होती. ऐंशी टक्के झाले तेव्हा वृंदा म्हणाली, पुरे, चला. पण मला फुल पाहिजे होतं. ऐंशीच्या पुढे ही मशीनं मुद्दाम रेंगाळतात, बॅटरी जपायला म्हणे. सव्वा तास बसलो आणि सहाशे रुपये मोजले. घरी तेवढ्याला एकशे सत्तर लागले असते.

पेंचच्या जंगलात सरकारनं रस्ता उचलून उंच पुलांवर नेला आहे, खालून वाघांनी निवांत जावं म्हणून. दोन्हीकडे भिंती, वर शांतता, खरंच पाहण्यासारखं आहे. वाघाची एवढी सोय करणाऱ्यांना माणसासाठी एक धड चालणारा चार्जर लावता येत नाही.

नागपूरला एक वाजून गेला होता. बाबांनी स्वतः वांग्याची भाजी, वरण, कैरीचं पन्हं करून ठेवलेलं. मी जेवता जेवता सिवनीची सगळी कहाणी ऐकवली आणि शेवटी बोलून गेलो, "असेच लुटत राहिले तर दर महिन्याचं कठीण आहे."

वृंदानं माझ्याकडे पाहिलं. बाबांनी मला भात वाढला. थोड्या वेळानं विचारलं, घरच्या लाइटीवर नाही भरत का ही? भरते, मी म्हटलं, पण जाड पिनेचा पॉवर पॉइंट लागतो. असा पॉइंट त्यांच्या घरात एकच, समोरच्या खिडकीत, त्यावर कूलर. नागपूरच्या मे महिन्यात कूलर कोण काढतो? राहू द्या, मी म्हटलं, बाहेरच भरतो. संध्याकाळी त्यांनी डिक्कीतली वायर पाहायला मागितली. कुठे लावायची, दिवा कोणता लागतो, मीही मोठ्या रुबाबात सगळं समजावलं.

रविवारी धरमपेठेत वृंदाच्या मैत्रिणीकडे जेवायला जायचं होतं. बाबा म्हणाले, गाडी काहून नेता, तिकडं पार्किंग नाही, ऑटोनं जा. किल्ली राहू द्या, ऊन आलं तर सरकवीन. दीडशे रुपये ऑटोला देऊन दहाला निघालो.

पाचला परत आलो, तर गाडीच्या पडद्यावर शहाण्णव टक्के. लाज वाटते, पण खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो वीस युनिट फुकट मिळाल्याचा. मग वायर कुठून आली ते पाहिलं. खिडकीतल्या पॉइंटमधून. कूलरची पिन खाली लोंबत होती. बाबा व्हरांड्यात ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले होते, हातात घडी केलेला पेपर, बनियन अंगाला चिकटलेली. दहापासून पाचपर्यंत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस.

वृंदा आत गेली आणि पाणी घेऊन आली. मी म्हटलं, "बाबा, हे काय करून राहिले तुम्ही? या उन्हात कूलर बंद?"

"रिकामा डबा तरी परत देतो का आपण? मग गाडी रिकामी काहून देऊ?"

वृंदा पाण्याचा तांब्या ठेवायला आत वळल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "इथं भरली तर परवडते ना जावईबापू, दर महिन्याला?"

मी वायर काढली आणि कूलर लावून दिला.

सोमवारी सकाळी निघालो, डब्यात या वेळी सांडगे. वाटेत सिवनीला एकच थांबा, बारा युनिट, तीनशे रुपये, अर्धा तास. या वेळी 'फुल' म्हणालो नाही. तुम्हाला जायचं असेल तर एवढं ऐका. गावातल्या गावात घरीच भरा, फास्ट चार्जरकडे ढुंकूनही पाहू नका. लांब जायचं तर पुढच्या मुक्कामापुरतंच भरा आणि ऐंशीला उठा. पूर्ण वीज बाहेरून घेतली तर किलोमीटरला चार रुपये पडतात. माझी जुनी गाडी सातचं पेट्रोल पीत होती, म्हणजे बाहेरची वीज तरीही स्वस्तच. हे मान्य करताना दात खातो आहे, पण आहे ते आहे. माघार घ्यायला कारण शोधत होतो, ते काही मिळालं नाही.

गेल्या आठवड्यात मीच बाबांना फोन केला. पंधरा तारखेला येऊन राहिलो म्हटलं, पण पॉइंटला हात लावायचा नाही, मी बाहेर भरणार.

"पण बाहेर तर लुटतात ना?"

"नाही बाबा, नवीन मशीनं आली. भाव उतरला, बाहेरही आता सातच रुपये."

"अच्छा," बाबा म्हणाले, "मग कूलर चालू ठेवतो."

भाव पंचवीसच आहे. पण बाबा हा ब्लॉग वाचत नाहीत, आणि तुमच्यापैकी कोणी त्यांच्या शेजारी राहत असेल, तर कृपा करून तोंड बंद ठेवा.