तिची दोन घरं

माझी बायको दोन ठिकाणी भांडे घासायची. आमच्याकडं भांडेवाल्या बाया त्यालाच 'माझे घरं' म्हणतात. अमरावतीतली आमची खोली भाड्याची, पण तिला कोणी विचारलं तर ती खुशाल सांगायची, माझे दोन घरं आहेत.

मी अकोल्याला दालमिलमध्ये पोते उचलायचो. कंबर गेली तसं मालकानं हात जोडले. मग आम्ही इकडं आलो आणि तिच्या घरांवर चुलीचं भागू लागलं.

मागच्या पावसाळ्यात तिच्या पोटात पाणी झालं. सरकारी दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरनं सांगितलं, हिला उठू द्यायचं नाही. तिला दुखण्याची फिकीर नव्हती, घरं सुटतील याची होती. भांडेवाली चार दिवस दिसली नाही की मोरीत दुसरी बाई येऊन बसते. त्यात कोणाचा दोष नाही. खरकटं कोणाच्यानंही ठेववत नाही.

"घर गेले त मंग मी उठून करू काय?" असं म्हणायची. घरं आहेत तोवर आपण उठणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. मी म्हटलं, "मी जातो तुह्या बदली."

"तुमी? तुमाले सोताचं ताट उचलणं माईत नाही."

"पोते उचलत होतो ना."

"पोतं घासा लागत नाही, अजी."

पण तिनं खाटेवरून शिकवलं. मागच्या दारानं जाजा. पेले पहिले घासजा, तेलकट शेवटी. बाई फोनवर बोलत असली त कान देऊ नका. सार्वजनिक नळावर ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. शेजारचा एक जण म्हणाला, "काय बुवा, आता बांगड्या बी भरून घ्या." मी घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्याले म्हणा, तुई बायको पडली त येजो आमच्याकडं. शिकवून देऊ."

दुसरं घर एका म्हाताऱ्या बाईचं, तिथं काही अडचण आली नाही. तिनं पहिल्याच दिवशी कढईवरून बोट फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. "चिकट आहे. पुन्हा घासा." मी घासली. घरी सांगितलं तर बायको पोट धरून हसली. "बुढी बोलली म्हणजे घर पक्कं," म्हणाली.

अडचण आली ती पहिल्या घरी. तिथली ताई नोकरीवाली, स्वभावानं फार चांगली. मला मोरीत बसलेला पाहून तिचा चेहराच उतरला. "काका, तुम्ही माझ्या बाबांच्या वयाचे. माझं उष्टं तुम्हाला कसं घासायला देऊ?" मग ती मी यायच्या आधीच सगळे भांडे स्वतः घासून टाकू लागली. मी गेलो की पंख्याखाली खुर्ची द्यायची, चहा, बिस्किट. मोरीत पाहावं तर दोन पेले आणि एक चमचा.

अशी माया मला आयुष्यात कोणी लावली नव्हती, आणि मला भीती वाटू लागली. जिला आपले भांडे आपण घासायची सवय लागली, ती पुढं बाई कशाला ठेवील? मला मान नको होता, भांडे पाहिजे होते. घरी आलो की बायको पहिलं हेच विचारायची, "ताईकडं आज काय काय निघालं?" मी सांगायचो, कमीच होते. ती भिंतीकडं तोंड करायची.

एक दिवस मी खुर्चीत बसलोच नाही. म्हटलं, "ताई, राग मानू नका. तुमी भांडे घासता, पण त्यानं तिचं घर जाते. ते खाटेवर पडून तेवढंच विचारून राहिली. मले चहा नका देऊ, खरकटं द्या."

ताई तशीच आत निघून गेली. मला वाटलं, गेलं घर.

दुसऱ्या दिवशी मोरी भरलेली होती. ताटं, कुकर, रात्रीच्या वांग्याचं भगोनं, आणि दुधाचं पातेलं असं करपलेलं की बुड दिसत नव्हतं. ताई आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. मी सगळं घासलं. संध्याकाळी बायकोला एकेक भांडं सांगितलं.

"पातेलं कशानं काढलं?"

"मीठ टाकून भिजू देलं."

"कोणं सांगतलं?"

"तूच सांगतलं व्हतं."

"मंग निघालं असंन," म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

पुढं रोज असंच. ती ऐकायची, चुका काढायची, आणि बरी झाल्यावर काय काय करणार ते सांगायची. बरी झाली नाही. दिवाळीच्या आधी गेली. गेली तेव्हा दोन्ही घरं तिचीच होती. मी तेवढंच करू शकलो.

तेरवी झाल्यावर मी ताईकडं गेलो, म्हटलं सांगून मोकळं व्हावं. इतके दिवस तिनं दुसरी बाई लावली नव्हती. मोरीत सकाळचे भांडे तसेच पडले होते. ताई दारात उभी राहिली. म्हणाली, "काका, मावशीच्या जागी तुम्हीच येत जाल का?"

मी म्हटलं, "तिच्या जागी नाही, ताई. ते जागा तिची व्हती. आता मी माह्या पोटासाठी करीन. पण बसाले काही तरी द्या. ते उकिडवी बसत होती, माह्यानं होत नाही."

ताईनं आतून पाट आणला. चांगला, सणाला जेवायला बसायचा.

"हा ओला होईन ना."

"होऊ द्या," म्हणाली. पाट मोरीत ठेवला आणि नळ तिनंच सोडला.