आत्याचे लखलखीत गॉगल

राग सगळ्यांनाच येतो आणि जातो. आत्याचा राग कुठे जातच नसे, तो तिच्याकडे मुक्कामालाच होता. बंद पडलेलं फरशीचं गोदाम भाड्याने घेऊन तिच्या भाच्याने छर्ऱ्यांच्या बंदुकांचा खेळ सुरू केला. एअरसॉफ्ट म्हणतात त्याला. बंदुका दिसायला खऱ्यासारख्या, आत बॅटरी नि स्प्रिंग, आणि नळीतून सुटतो तो वाटाण्याहून लहान प्लास्टिकचा छर्रा. अंगावर बसला तर चिमटा काढल्यागत होतं, डोळ्यात बसला तर डोळा गेला. म्हणून भाच्याने गेटवर कुणाला बसवावं, तर सख्ख्या आत्याला. "माणसं तिला घाबरतात, तेवढं पुरे," असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं.

गेटच्या आतल्या पिवळ्या रेषेपलीकडे गॉगलशिवाय कुणी पाय टाकला की आत्याची शिट्टी वाजायची आणि शिट्टीमागून ती स्वतः यायची. एकदा एक साहेब उन्हाचा चष्मा लावून आले. आत्या म्हणाली, "हा लावून फोटो काढा. आत जायचं तर डोळा चारी बाजूंनी झाकणारा गॉगल हवा."

"अहो, ब्रँडेड आहे हा."

"आणि डोळा? तो दुकानात मिळतो का दुसरा?"

साहेबांनी तक्रार केली. भाच्याने दिलगिरी व्यक्त केली. आत्याने काही व्यक्त केलं नाही, साहेबांच्या पाठीकडे बघून नाक मुरडलं, एवढंच.

आणि माणसं तरी कशी, अहो! गॉगलवर वाफ धरली तर बाहेर यावं, पुसावं, परत जावं. साधी गोष्ट. पण नाही, खांबाआड उभं राहून गॉगल कपाळावर चढवायचा आणि वर म्हणायचं, "एक सेकंद तर होता." छर्ऱ्याला काय सेकंद मोजता येतात? बाहेर पडताना मॅगझिन, म्हणजे छर्ऱ्यांची डबी, काढून वाळूच्या पिंपात एक बार उडवायचा, कारण मॅगझिन काढलं तरी एखादा छर्रा नळीत अडकून राहतो. हे प्रत्येकाला तोंडपाठ आहे. तरी दर रविवारी एखादा दीडशहाणा "रिकामी आहे हो" म्हणत बंदूक टेबलावर टाकतो, आणि ती फटकन उडते. मग आत्या त्याचा असा काही उद्धार करायची की आतले खेळणारे खेळ थांबवून ऐकायचे.

गेटशेजारीच दुरुस्तीचं टेबल होतं. तिथे आत्याचा नवरा बसायचा. त्याला सगळे काका म्हणायचे. अडकलेल्या बंदुका खोलायचा, गिअर साफ करायचा आणि गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायचा. "जमिनीवर पडलेले छर्रे उचलून भरलेत ना? नाही म्हणू नका. आत अर्धं गोदाम सापडलंय मला." नळीत धूळ गेली की छर्रा अडकतो, अडकला की माणूस नळीत डोकावतो, आणि डोकावला की आत्या बोंब ठोकते. असं ते दोघांचं मिळून काम चालायचं. फरक इतकाच की काका हसून सांगायचा आणि ती कधीच हसायची नाही.

तिला हसू न येण्याचं कारण काकाच्या तोंडावरच होतं. त्याचा डावा डोळा काचेचा. दोघंही आधी फर्निचरच्या कारखान्यात होते, ती पॉलिशला, तो लाकडाचे पाय कातायच्या यंत्रावर. कारखान्यात गॉगल होते, नव्हते असं नाही. कपाटात होते. कामगार हरवतात म्हणून मालक कुलूप लावून किल्ली खिशात घालून फिरायचा. एक दिवस लाकडाची कपची उडाली. मालक दवाखान्यात आला, हात जोडले, आणि हा पलंगावरून म्हणाला, "असू द्या, मालक. तुम्ही थोडंच मुद्दाम केलंत?" लोकांनी डोक्यावर घेतलं त्याला, काय हो मोठ्या मनाचा माणूस! आत्याचं मात्र डोकं त्या दिवशी फिरलं ते फिरलंच. मालकाला ती दवाखान्याच्या जिन्यात जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. नोकरी दोघांचीही गेली. तेव्हापासून नवऱ्याच्या वाटचं चिडणंही तिनेच आपल्या अंगावर घेतलं होतं.

आता तिचा एकच ध्यास होता. आपल्या गेटमधून दोन डोळ्यांनी आत गेलेलं माणूस दोन डोळ्यांनीच बाहेर आलं पाहिजे. त्यासाठी ती शिव्या द्यायला तयार, खायलाही तयार.

भाड्याने द्यायचे गॉगल तिच्या ताब्यात. संध्याकाळी खेळ संपला की बादलीभर गॉगल घेऊन बसायची. घाम, माती, चिकट डाग, कुणाच्या केसांचं तेल. पॉलिशवालीचा हात तो, पाण्याने भागतंय होय! थिनरची बाटली नि मऊ फडका घेऊन एकेक काच अशी पुसायची की भिंग कुठे आहे ते शोधावं लागे. नवे आलेले गॉगलसुद्धा तिच्या गॉगलपुढे मळके दिसायचे. त्या कामात ती कुणाला हात लावू देत नसे. काकाला एकदा वास आला तेव्हा तो म्हणाला, "कारखान्यात बसल्यासारखं वाटतंय गं." ती म्हणाली, "तिथे असे पुसले असते तर बरं झालं असतं." तिथेच तो विषय संपला.

त्या रविवारी ड्रॉइंगच्या बाई आल्या. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या, अंगाने काटकुळ्या, बोलायला मऊ, आणि खेळायला लागल्या की खांबामागून अशा सटकायच्या की भलेभले गार. नेहमीच्याच होत्या. स्वतःचा गॉगल आणायच्या. वापरून वापरून तो धुरकट झाला होता.

आत्याने तो हातात घेऊन उजेडात धरला. "हा काय गॉगल आहे की दुधाची पिशवी? यातून दिसतं काय तुम्हाला, कप्पाळ?"

"दिसतं हो. सवय झालीये मला."

"सवयीचं कौतुक मला सांगू नका. हा इथे ठेवा आणि हा घाला." तिने बादलीतला सगळ्यात लखलखीत निवडला आणि स्वतःच्या हाताने बाईंच्या डोक्यामागे पट्टा आवळला. बाई हसून आत गेल्या.

थोड्या वेळाने आतून किंकाळी आली. आत्या शिट्टी फुंकत धावली. बाई जमिनीवर बसल्या होत्या, चेहऱ्यावर हात, आणि बोटांमधून रक्त. गॉगलच्या काचेचा उजवा भाग फुटून तुकडे पडले होते. पत्र्याच्या भिंतीआडून समोरासमोर गाठ पडली आणि एका वायरमनने जवळून छर्रा मारला होता. तो बिचारा पांढराफटक पडून "मी नियमाने मारला, मी नियमाने मारला" एवढंच म्हणत होता.

भाचा बाईंना घेऊन दवाखान्यात पळाला. आणि इकडे आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बंदुकीत काय भरलंय तू? स्प्रिंग बदललीस ना? सकाळी वेग मोजायच्या वेळी एक आणि नंतर दुसरी, होय ना रे?" वायरमनच्या हातून बंदूक हिसकून तिने काकापुढे आपटली. काकाने वेग मोजायच्या यंत्रातून एकामागून एक छर्रे काढले. वेग ठरलेल्या मर्यादेच्या आतच होता. आत्याने यंत्रालाच शिव्या घातल्या. काकाने दुसऱ्या बंदुकीने यंत्र तपासून दाखवलं. यंत्रही ठीक होतं. वायरमन कोपऱ्यात जाऊन रडायला लागला, तरी तिने त्याला सोडलं नाही, "रडतोस काय, त्या बाईचं बघ!" म्हणून पुन्हा झापलं.

भाच्याचा फोन आला. भुवईखाली टाके पडले, डोळा वाचला, बाईंना घेऊन येतोय. आत्याचा जीव भांड्यात पडला आणि पडल्या पडल्या पुन्हा उसळला. म्हणजे गॉगलच भिकार! त्या व्यापाऱ्याने गळ्यात मारला! भाचा यायच्या आत तिने स्वतः व्यापाऱ्याला फोन लावला, आणि सगळ्यांनी ऐकावं म्हणून स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला. खेळणारे सगळे गोळा झालेच होते.

"लाज वाटते का तुम्हाला? काच आहे का पापड? एका छर्ऱ्यात फुटली! माणसाचा डोळा जात होता!"

व्यापारी शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, त्याच पेटीतला न वापरलेला गॉगल असेल तर त्याच्यावर तीच बंदूक मारून बघा. मी फोन धरतो."

काकाने वाळूच्या पोत्यावर नवा गॉगल बांधला आणि जवळून छर्रे मारले. काचेवर पांढरे ठिपके उठले, तडा नाही. मग त्याने बादलीतला एक बांधला. पहिल्याच छर्ऱ्याला खालपासून वर चीर गेली. दुसरा बांधला. त्याचा तुकडाच उडाला.

"नवा टिकला, वापरलेले फुटले," काका फोनपाशी वाकून म्हणाला.

"बरं. पुसता कशाने?"

"थिनरने!" आत्या ताडकन म्हणाली. "रोज! एक दिवस चुकवत नाही मी!"

व्यापारी हळूच म्हणाला, "बाई, ते काच नाही, प्लास्टिक आहे. थिनर ते आतून खातो. वरून चकाकतं, पण ठिसूळ होतं. साबणाच्या पाण्याशिवाय काही लावायचं नसतं त्याला."

आत्या बादलीतल्या गॉगलांकडे बघत राहिली. वायरमनने पुढे होऊन फोन बंद केला.

तेवढ्यात भाचा बाईंना घेऊन आला. बाईंच्या भुवईवर पट्टी, डोळा सुजून मिटलेला. त्यांची स्कूटर इथेच होती, म्हणून आल्या होत्या. काय झालं ते कुणीतरी भाच्याच्या कानात सांगितलं. भाच्याचा चेहरा उतरला, पण धंद्याचं डोकं ते, लगेच आत्याला बाजूला ओढून पुटपुटला, "आत्या, गप्प राहा. माल खराब निघाला म्हणू या."

"मूग गिळून बसू? मी?" आत्या त्याचा हात झटकून बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "गॉगल मी खराब केला. थिनरने पुसून पुसून. तुमचा चांगला होता, तो काढायला लावला आणि तो घाणेरडा मीच बांधला तुमच्या डोक्याला. वर त्या पोराला रडवलं मी."

बाईंनी तिच्याकडे एका डोळ्याने बघितलं. आणि हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "असू दे हो, आत्या. तुम्ही थोडंच मुद्दाम केलंत?"

"हो ना," वायरमन नाक पुसत म्हणाला. "होतं असं, आत्या."

"डोळा वाचला ना, झालं तर मग!" आणखी कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाच्याने सुस्कारा सोडला आणि पाण्याच्या बाटल्या वाटायला घेतल्या. आत्याच मधोमध उभी होती आणि तिला तिथे उभं राहवत नव्हतं. एक शिवी कुणी द्यावी तिला! एक तरी! पण सगळे मेले गोड.

आणि तेव्हा टेबलावरचा पेचकस भिंतीवर जाऊन आदळला. काकाने फेकला होता.

"असू दे?" तो ओरडला. त्या माणसाचा चढलेला आवाज तिथे कुणी ऐकलाच नव्हता. आत्यानेही नाही. "काय असू दे? कुणाचं असू दे? अजून जिना उतरताना पायरी चाचपडतो मी! पाणी ओततो ते पेल्याच्या बाहेर पडतं! मोठं मन म्हणे! कसलं मोठं मन? नोकरी जाईल म्हणून भ्यालो होतो, म्हणून म्हणालो असू द्या! आणि तू," तो आत्याकडे वळला, आणि त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, "तू, माझ्या घरात राहून, हा डोळा रोज बघून, तू लोकांच्या डोळ्यांवर थिनर चोळत होतीस? कुणाला विचारलंस? एकदा तरी कुणाला विचारलंस? सगळं आपल्यालाच कळतं! तो मालक आणि तू, काय फरक आहे गं?"

"काका, अहो काका, बस करा," भाचा मध्ये पडला.

आत्याने भाच्याला छातीवर हात ठेवून मागे ढकललं. "मध्ये येऊ नकोस. बोलू दे त्यांना."

काका बोलतच राहिला. त्यातलं बरंचसं आत्यासाठी होतं आणि बरंचसं दवाखान्यात हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसासाठी, आणि आत्याने दोन्ही ऐकून घेतलं. तोंडाला तोंड दिलं नाही. ज्या बाईने आयुष्यात एका वाक्याला दोन वाक्यं दिली, ती मान खाली घालून उभी राहिली. शेवटी त्याचा दम संपला आणि तो स्टुलावर बसला.

मग एक बारीक आवाज आला. ड्रॉइंगच्या बाईंचा.

"मलाही राग आलाय," त्या म्हणाल्या. "मी सांगत होते ना, मला माझ्या गॉगलमधून दिसतं म्हणून? ऐकून घेतलंत का तुम्ही? मी चित्रं काढते, आत्या. दुसरं काही येत नाही मला. डोळा गेला असता तर काय केलं असतं मी?" आणि त्यांचा आवाज चढला, चांगलाच चढला, तो पत्र्यावर आपटून परत आला. "कोण तुम्ही मला हात धरून सांगणाऱ्या? कोण?"

आत्याने मान वर केली. डोळे भरले होते, पण नजर हलली नाही.

"बोला," ती म्हणाली. "आणखी बोला."