अनोळखी मागांवरच्या चादरी

दुष्काळाच्या त्या वर्षी आमचे वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले आणि चादरींचा धंदा आम्हा दोघी बहिणींवर येऊन पडला. वडिलांसाठी विणणारे जुने मागवाले एकेक करून भिवंडीला गेले होते. पुण्याच्या एका वसतिगृहाची मोठी मागणी तेवढी हातात होती, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या चादरींची. रंग गेला तर सगळा माल परत, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

आक्कानं शहराच्या पूर्व भागातून तीन मागवाले शोधून आणले. एक उंच, दणकट, घरात तेलुगू बोलणारा. एक चष्मेवाला, फारसं न बोलणारा. तिसरा तरुण, नुकतं लग्न झालेला. तिघांनाही आम्ही ओळखत नव्हतो. सूत आम्ही द्यायचं, रंगवून विणायचं त्यांनी.

आक्काची अट अशी होती की मजुरी ज्याची त्याला मिळेल, पण वरची बक्षिशी तिघांचाही रंग टिकला तरच. एकाचा जरी गेला, तर कुणालाच नाही.

"असं कशाला?" मी विचारलं.

"आपल्याला रोज त्यांच्या कारखान्यात डोकावता येणार आहे का? ते एकमेकांकडं डोकावतील की."

मला ते पटलं, पण भीती गेली नाही. घरातलं होतं नव्हतं ते सुतात गेलं होतं, आणि ते सूत तीन परक्या घरांत पडलं होतं. तिघांनी संगनमत करून ते विकलं तर? रस्त्यावर सायकलची घंटा वाजली तरी मी दाराशी धावायची. वडील आतून अडखळत विचारायचे, "माल आला का?" मी म्हणायची, "येतोय."

एका दुपारी दार जोरात वाजलं. मी कडी काढली आणि उंच मागवाला तरुणाची मानगूट धरून आत शिरला. मागून चष्मेवाला आला आणि त्यानं दार लोटून कडी घातली. तरुणाचा सदरा खांद्यावर फाटला होता, ओठ सुजला होता. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. घरात ओरडून उपयोग होईल असा एकही पुरुष नव्हता.

उंचानं काखेतली ओली चादर जमिनीवर टाकली. पांढरे पट्टे गुलाबी झाले होते.

"ह्येचा रंग जातोय, आक्का. ह्येच्यापायी आमची बक्षिशी बुडणार. ह्येला काढा. न्हाईतर ह्येचे माग आजच बंद पाडतो."

"आदी दार उघड," आक्का म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती जागची हलली नाही. चष्मेवाल्यानं उंचाकडं पाहिलं आणि कडी काढली.

आक्कानं तरुणाला विचारलं, "रंग कुठल्या पाण्यात करतोस?"

"घरच्या हिरीच्या. पाणी खाली गेलंय, आक्का. मचूळ लागतंय. म्या रंग तुमी सांगितला तेवढाच घातला, शपथ."

"चला, बघू."

मी तिचा हात धरला. "जाऊ नकोस." ती मला घेऊनच निघाली. उन्हात तापलेल्या गल्ल्यांतून पुढं ते तिघं, मागं आम्ही. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता हे थांबतील आणि मागं फिरतील.

तरुणाच्या घरी त्याची बायको आम्हाला पाहून कोपऱ्यात सरकली. नवऱ्याचा ओठ पाहून तिनं पदर तोंडात कोंबला. उंचानं स्वतः विहिरीतून बादली ओढली, ओंजळीनं पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं. मग तो कुणाकडंच बघेना.

"तुमच्या विहिरीचं कसं हाय?" आक्कानं त्याला विचारलं.

"गोड हाय. अजून."

"मग सगळं सूत तुमी रंगवा. मचूळ पाण्यात रंग बसत न्हाई. रंगवायचे पैसे वेगळे देते. आन आजपासून बक्षिशी ज्याची त्याला, ज्याच्या त्याच्या विणीवर. पाण्यासाठी कुणी कुणाला मारायचं न्हाई."

"पयलंच असं का न्हाई ठरवलं?" उंच म्हणाला. आवाजात राग होता, पण खालच्या पट्टीतला.

"तुमी कोण, कसे, मला ठाव नव्हतं."

"आन आता?"

"आता थोडं कळलं."

घरी पोचताच आक्का उंबरठ्यातच खाली बसली आणि म्हणाली, "मला वाटलं, त्यो उंच त्या पोराला हिरीत ढकलतोय." तेव्हा मला समजलं की ती माझ्याहून जास्त घाबरली होती.

माल वेळेवर गेला आणि परत आला नाही. उंच मागवाला पुढं कितीतरी वर्षं आमचं सूत रंगवायचा. तरुणानं ते काम नीट पुरं केलं, बक्षिशी घेतली. पण चादरी पोचवायला त्याची बायकोच यायची. तो स्वतः आमच्या दारात पुन्हा कधी आला नाही, आणि आक्कानंही त्याला कधी बोलावणं धाडलं नाही.