भिंतीवरची रेघ

जुन्या जालन्यात गाड्यांच्या हेडलाइटचं काम करता करता वीस वर्षं गेली. चहाला दोस्त जमले की दुकानातले किस्से आपोआप निघतात, आणि वस्तादांचा शेवटचा किस्सा जवळ आला की मीच विषय बदलतो. आज बदलत नाही.

दुकान वस्तादांचं. समोरच्या भिंतीवर त्यांनी एक काळी रेघ मारलेली. गाडी पंधरा पावलांवर उभी करायची आणि डिपरचा उजेड रेघेच्या खाली ठेवायचा. वर गेला की समोरच्याच्या डोळ्यात.

*

नवा होतो तेव्हा एकदा बल्ब खाचेत बसेना, म्हणून मी पक्कडीनं दाबून उलटा बसवला. उजेड रस्ता सोडून लिंबाच्या शेंड्यावर! वस्ताद शांतपणे म्हणाले, "गाडी झाडावर चालवायची हाय का?"

*

तीर्थपुरीचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "लाइट असा मारा, समोरचा बाजूलाच झाला पाह्यजे." वस्तादांनी त्यालाच गाडीसमोर उभं केलं, लाइट लावला आणि म्हणाले, "आता चालत या." तो चार पावलं आला आणि उभ्या सायकलीवर आदळला.

"बराबर रेघेवर लावा," डोळे चोळत म्हणाला.

*

मालाच्या गाडीचा लाइट वस्ताद रिकाम्या गाडीवर कधीच लावत नसत. "मोसंबी भरली की गाडी मागून बसती, नाक वर येतं. मंग लाइट कुठं जातो?" म्हणून गल्लीतली चार माणसं चहाच्या बोलीवर मागे बसवायचे. मला त्याची लाज वाटायची.

वस्तादांचे डोळे अधू झाले आणि दुकान माझ्याकडे आलं. मी माणसं बसवणं बंद केलं. रेघेवर एलईडीचा चकचकीत बोर्ड ठोकला आणि लाइट अंदाजानं लावू लागलो. चुकलंच माझं.

*

गेल्या महिन्यात वस्ताद आले ते हात प्लास्टरमध्ये घेऊन. टेंभुर्णीच्या रस्त्यावर समोरच्या लाइटनं डोळे दिपले, स्कूटर रस्त्याकडेच्या चारीत गेली. मी तिचं वाकलेलं हँडल सरळ करत होतो, तेवढ्यात एक पिकअपवाला रिकामी गाडी घेऊन आला. त्याचा लाइट मीच लावलेला.

"भाऊ, लाइट एक नंबर. परवा टेंभुर्णीकडून मोसंबी घेऊन येऊन राह्यलो होतो, तर एक स्कूटरवाला डोळ्यावर हात धरून सरळ चारीत गेल्ता. उठून बसलेला दिसला, म्हणून थांबलो न्हाई."

माझा हात थांबला. वस्ताद उठले, एका हातानं धरत पिकअपच्या मागे चढले आणि खाली बसले.

"अजून तिघं बोलाव," मला म्हणाले. "अन् तो बोर्ड काढ."